सतरा माणकांचे घड्याळ

वाचकहो, आपल्या घरी चावीचे एखादे जुने मनगटी घड्याळ असेल, तर ते एकदा उजेडात धरून पाहा. तबकडीवर मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत '१७ ज्वेल्स' असे काहीतरी छापलेले आढळेल. कोठे आकडा पंधराचा असेल, कोठे एकविसाचा. ज्वेल म्हणजे रत्न. महिन्याच्या पगारावर संसार करणाऱ्या माणसाच्या मनगटावर सतरा रत्ने कशी आली, आणि ती तेथे बसून करतात तरी काय, असा प्रश्न आपणास कधी पडला आहे काय? आमच्या घरी तो पडला होता. परंतु आम्ही तो ज्या रीतीने विचारला, ती आठवली की मला अजूनही संकोच वाटतो.

गोष्ट १९६४ सालची. आमचे बिऱ्हाड तेव्हा इंदूरला होते. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, एका शाळेत गणित शिकवीत. त्यांच्या हाती एक स्विस घड्याळ असे. १९४८ साली लग्नात माझ्या आजोबांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी, ते त्यांना दिले होते. रोज सकाळी संध्या आटोपली की अण्णा त्याला चावी देत. ते काम त्यांनी कधी दुसऱ्यास सांगितले नाही. एके दिवशी नळावर हात धुताना ते फरशीवर पडले आणि बंद झाले. हल्लीच्या चावीच्या घड्याळांत पडल्याचा धक्का सोसण्यासाठी तोलचक्राच्या दोन्ही टोकांना बारीक स्प्रिंग असते. आमच्या घड्याळात ती सोय नव्हती.

राजवाड्यापासून थोड्या अंतरावर एका बोळात एक वृद्ध घड्याळजी बसत. आम्ही मुले त्यांना घड्याळकाका म्हणत असू. गुडघ्याएवढी बैठी काचेची पेटी, तिच्यामागे ते स्वतः, आणि डोळ्यात सदैव खोचलेले काळे भिंग, एवढेच ते दुकान. त्यांनी चार दिवसांनी घड्याळ चालू करून दिले आणि सोबत एक चिठ्ठी दिली. 'भोकाचा खडा १, रुपये दोन. मजुरी, रुपये तीन.' अण्णांनी पाच रुपये दिले आणि आम्ही घरी आलो.

संध्याकाळी शेजारचे एक गृहस्थ ओट्यावर येऊन बसले. त्यांनी ती चिठ्ठी वाचली आणि हळूच विचारले, "मास्तर, दोन रुपयांत माणिक मिळते होय? आमच्या हिच्या अंगठीत तांदळाच्या कणीएवढे आहे, त्याला सोनाराने किती घेतले ते मला विचारा."

अण्णा काही बोलले नाहीत. पण गणिताच्या शिक्षकाला तो हिशेब बिनचूक वाटला असावा. दोन रुपयांचे माणिक खरे असणे शक्य नाही. नवे खोटे बसविले असेल, तर जुने खरे निघाले असले पाहिजे. आणि एक निघाले असेल, तर बाकीच्या सोळांचे काय? त्या काळी ही शंका केवळ आमच्या शेजाऱ्यांचीच होती असे नव्हे. घड्याळ दुरुस्तीला टाकले की आतले हिरे बदलतात, ही समजूत गावोगावी होती. पुष्कळ माणसे घड्याळजीच्या समोर बसून राहत ती त्याच कारणाने.

दुसऱ्या दिवशी अण्णा मला घेऊन पुन्हा दुकानावर गेले. दुकानी तीन-चार गिऱ्हाईके होती. अण्णा म्हणाले, "हे उघडा आणि खडे मोजून दाखवा." घड्याळकाकांनी एकवार त्यांच्याकडे पाहिले, मग पाठीचे झाकण काढले. अण्णांना भिंग डोळ्यात धरता येईना, म्हणून ते माझ्याकडे आले. मी अकरा वर्षांचा होतो. पितळी पट्ट्यांवर डाळिंबाच्या दाण्यासारखे लाल ठिपके चमकत होते. मी ते एकेक करून मोजले आणि मोठ्याने म्हणालो, "सहाच आहेत!"

घड्याळकाका म्हणाले, "मास्तरसाहेब, बाकीचे खाली आहेत. तबकडीच्या बाजूला." अण्णा म्हणाले, "खालचे कोणी पाहिले आहेत?" गिऱ्हाइकांपैकी एक जण हसला. घड्याळकाकांनी झाकण बसविले, घड्याळ फडक्याने पुसले, आणि गल्ल्यातून दोन रुपयांची एक नोट काढून ती पेटीवरून आमच्याकडे सरकवली. अण्णांनी ती घेतली. त्यानंतर आमच्या आळीतले एकही घड्याळ त्या दुकानी गेले नाही.

आता त्या खालच्या अकरांविषयी सांगतो. त्यासाठी आधी ते खडे घड्याळात कशाला असतात ते पाहिले पाहिजे.

बैलगाडीचा कणा आणि चाक यांच्यामध्ये वंगण नसेल तर काय होते, हे आपण जाणताच. गाडी कुरकुरते, लाकूड झिजते, बैल दमतो. घड्याळातही चाकांचे आस असेच कशात तरी फिरावे लागतात. त्यांतले सर्वांत नाजूक चाक म्हणजे तोलचक्र, जे केसासारख्या कमानीच्या जोरावर डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे हेलकावे घेते. आमच्या घड्याळासारख्या घड्याळात ते तासाला १८,००० हेलकावे घेई. म्हणजे दिवसाला ४,३२,००० आणि वर्षाला १५ कोटी ७६ लाख ८० हजार. आणि हे सारे ज्या पोलादी टोकावर चालते, त्याची जाडी मिलिमीटरच्या एक दशांशाच्या आसपास, म्हणजे डोक्याच्या केसाहून फारशी अधिक नाही. हे टोक थोडेसे झिजले किंवा अडखळले, की दिवसाकाठी मिनिटांचा फरक पडतो.

मग ते पितळेच्या भोकात का फिरवू नये? पितळ मऊ, पोलाद कठीण. तेव्हा झिजलेच तर पितळ झिजेल, असे आपणास वाटेल. मलाही तसेच वाटले होते. प्रत्यक्षात पुष्कळदा उलट घडते. हवेतली कठीण धूळ मऊ पितळात रुतून बसते आणि भोकाचा काठ पॉलिशकागदासारखा होऊन फिरणाऱ्या पोलादालाच कापू लागतो. माणिक इतके कठीण असते की त्यात धूळ रुतत नाही. कठीणपणाच्या दहा पायऱ्यांच्या मापात ते नवव्या पायरीवर आहे आणि त्याच्यावर केवळ हिरा. शिवाय त्यास आरशासारखी चकाकी देता येते, त्यामुळे घर्षण अत्यल्प होते. ते गंजत नाही आणि तेल खराब करीत नाही. खड्याच्या एका अंगाला उथळ वाटी कोरलेली असते. तीत सोडलेला तेलाचा सूक्ष्म थेंब केशाकर्षणाने भोकापाशीच थबकून राहतो आणि इतस्ततः पसरत नाही. अशा भोकाच्या खड्याला पडल्याने तडा गेला, तर त्या तड्याच्या धारेवर पोलाद घासू लागते. आमचे घड्याळ नेमके त्याच दुखण्याने बंद पडले होते.

ही युक्ती तीनशे वर्षांहून जुनी आहे. न्यूटनचा स्नेही असलेल्या निकोला फातियो या स्विस गणितज्ञाने लंडनमध्ये डबोफ्र आडनावाच्या दोन घड्याळजींच्या भागीदारीत १७०४ साली माणकाला भोक पाडून ते घड्याळात बसविण्याचे पेटंट घेतले. पुढील वर्षी त्यांनी आपले हक्क वाढवून मागितले, तेव्हा लंडनच्या घड्याळजींच्या संघाने कडाडून विरोध केला. ही गोष्ट काही नवी नव्हे, असे सांगत त्यांनी इग्नेशियस हगफर्ड नावाच्या कारागिराचे एक जुने घड्याळ पुराव्यादाखल पुढे केले. त्यात खडा दिसत होता! फातियोंचा अर्ज फेटाळला गेला. पुष्कळ काळानंतर ते घड्याळ कोणीतरी पुरते खोलून पाहिले, तेव्हा असे आढळले की तो खडा केवळ शोभेचा होता आणि त्यात कोणताही आस फिरत नव्हता. ही हकीकत मी प्रथम वाचली तेव्हा मला आमचा 'सहाच आहेत' आठवला. वरवर दिसणाऱ्या खड्यांवरून निवाडा करणारे आम्ही पहिले नव्हतो, एवढेच काय ते समाधान.

त्या काळचे खडे खरोखरच खाणीतले असत. म्हणून ते महाग होते आणि उंची घड्याळांतच आढळत. हे चित्र पालटले ते ऑग्यूस्त व्हेर्नोय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञामुळे. १८५६ साली डंकर्क येथे जन्मलेला हा मनुष्य पॅरिसमध्ये फ्रेमी नावाच्या आचार्यांच्या हाताखाली काम करी. भट्टीत माणिक पिकविण्याचा ध्यास गुरूंचा, तो शिष्याने पुरा केला. १८९१ व १८९२ साली त्याने आपली कृती मोहोरबंद लिफाफ्यांत घालून पॅरिसच्या विज्ञान अकादमीत ठेवून दिली आणि १९०२ साली ती जगापुढे आणली.

कृती ऐकाल तर ती आपल्याला स्वयंपाकघराच्या जवळची वाटेल. माणिक म्हणजे काय? अॅल्युमिनियम आणि प्राणवायू यांचे संयुग. ज्या भांड्याला आपल्या घरी 'जर्मनचे पातेले' म्हणतात, त्याच धातूचे ते भस्म म्हणा ना! शुद्ध स्थितीत ते पांढरे असते आणि त्यात क्रोमियमचा किंचित अंश मिसळला की लाल होते. व्हेर्नोयने हे बारीक पीठ एका चाळणीच्या डब्यात भरले. डब्यावर लहानशी हातोडी टक्-टक् आपटत राही आणि प्रत्येक ठोक्यासरशी चिमूटभर पीठ प्राणवायूच्या झोताबरोबर खाली पडे. खाली हायड्रोजनची ज्योत, दोन हजार अंश सेंटिग्रेडहून अधिक तप्त. तिच्यात पीठ वितळे आणि त्याचे थेंब खालच्या दांडीवर एकावर एक साचत जात. दांडी हळूहळू खाली घेतली की काही तासांत बोटाएवढी माणकाची कांडी तयार होई. तिच्या पोटात इतका ताण साठलेला असतो की टोकावर टिचकी मारताच ती उभी दुभंगते. मग तिच्या चकत्या, चकत्यांचे दाणे, आणि दाण्यांना हिऱ्याच्या भुकटीने भोके.

पृथ्वीच्या पोटात ज्याला अनंत काळ लागतो, ते येथे दुपारच्या जेवणापासून रात्रीच्या जेवणापर्यंत होते. परंतु मुद्दा वेगाचा नाही. हे माणिक खोटे नव्हे, हा मुद्दा आहे. लाल काच हे खोटे माणिक होय. भट्टीतले माणिक घटकांनी, कठीणपणाने, वजनाने आणि तेजाने माणिकच असते. सूक्ष्मदर्शकाखाली आतल्या वाढीच्या वक्र रेषा दिसल्या तरच त्याची जन्मभूमी ओळखू येते. इतकेच नव्हे, तर घड्याळाच्या दृष्टीने ते खाणीतल्यापेक्षा सरस ठरते, कारण खाणीतल्या माणकात चिरा, डाग आणि परके कण असतात आणि हे मात्र आरपार एकसारखे असते. सोनाराच्या तराजूत त्याची किंमत थोडी असेल, पण आस ज्याच्यात फिरायचा आहे त्याला तो तराजू काय कामाचा?

स्वित्झर्लंडमध्ये मोंते नावाच्या गावी १९१४ साली अशा रत्नांचा एक मोठा कारखाना निघाला. त्याचे संस्थापक ह्रांद जेवाहिर्जियान हे अर्मेनियन गृहस्थ. आडनाव परके वाटते खरे, पण त्याच्या पोटात आपलाच 'जवाहीर' शब्द बसला आहे; त्याचा अर्थ जवाहिऱ्याच्या घराण्यातला. पुढे या लालचुटूक दाण्यांचे महत्त्व घड्याळापुरते राहिले नाही. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या आणि आगबोटींच्या उपकरणांना ते लागू लागले, तेव्हा अमेरिकेला आपल्याकडे हा धंदा नसल्याची जाणीव झाली. पुढे १९५०च्या दशकात तेथील सरकारने नॉर्थ डकोटातील रोला या गावी खास खडे करण्यासाठी कारखाना उभारला आणि तेथे जवळच्या टर्टल माउंटनच्या मूळ रहिवाशांना काम मिळाले.

जाता जाता एक गोष्ट सांगितली पाहिजे. फसवणूक घड्याळांत झालीच नाही असे नाही. १९६०च्या सुमारास 'ज्वेल्स'चा आकडा वाढविण्याची अशी काही चढाओढ लागली की कोणी शंभर शंभर खड्यांची घड्याळे विकू लागले. त्यांतले बहुतेक खडे नुसतेच कडेने मांडलेले असत आणि त्यांत काहीच फिरत नसे. अखेर १९७४ साली आंतरराष्ट्रीय मानक ठरले, आणि केवळ शोभेचे खडे मोजणीत धरू नयेत असा दंडक झाला. आम्ही बोळातल्या ज्या म्हाताऱ्याला चोर ठरविले, त्याने मात्र एक तडकलेला खडा काढून त्या जागी एक धड खडा बसविला होता.

मला हे कळले १९७२ साली. मी रसायनशास्त्र घेऊन पदवीच्या वर्गात होतो, आणि एके दिवशी प्राध्यापकांनी अॅल्युमिनियमच्या ओघात व्हेर्नोयची ज्योत फळ्यावर काढून दाखविली. असे माणिक किती स्वस्त पडते तेही त्यांनी सांगितले. माझे पुढचे शिकविण्याकडे लक्ष राहिले नाही. माझ्या स्वतःच्या मनगटावर तेव्हा एच.एम.टी.चे 'जनता' घड्याळ होते. बंगलोरच्या त्या सरकारी कारखान्यात १९६१ पासून जपानी सहकार्याने घड्याळे होऊ लागली होती, आणि ती देशभर इतकी पसरली की पुढे परीक्षा पास झालेल्या मुलाच्या हाती ते असणे ही रीतच होऊन बसली. त्याच्याही तबकडीवर सतरा ज्वेल्स होते. मी आठ वर्षे कोणालाही न विचारलेली गोष्ट रोज मनगटावर बांधून हिंडत होतो.

घरी येऊन मी अण्णांना सगळे सांगितले. ते वह्या तपासत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी लाल शाईची लेखणी खाली ठेवली.

"तू सहा मोजले होतेस," ते म्हणाले.

"होय."

"मग उरलेले अकरा कोठे असतात?"

मी कागदावर आकृती काढली, पण ती मलाच नीट जमेना. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर अण्णांनी कोट चढविला आणि मला म्हणाले, "चल."

दुकान तेथेच होते. पेटीमागे आता एक तरुण कारागीर बसला होता. घड्याळकाका बाजूच्या स्टुलावर होते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यामुळे त्यांनी बारीक काम सोडले होते आणि ते पट्टे व काचा विकीत असत. अण्णांनी आपले नाव सांगितले. त्याची गरज नव्हती.

"बसा, मास्तरसाहेब," घड्याळकाका म्हणाले.

अण्णांनी खिशातून दोन रुपयांची नोट काढून पेटीवर ठेवली. "आठ वर्षांपूर्वीचे राहिले आहेत," ते म्हणाले. मग जरा थांबून, "चार लोकांसमोर बोललो होतो. आजही चार लोक आहेत, ते बरे झाले." आमच्या मागे खरोखरच दोन गिऱ्हाईके उभी होती.

घड्याळकाकांनी नोटेला हात लावला नाही. "घड्याळ द्या पाहू," ते म्हणाले. ते त्यांनी कानाशी धरले आणि कितीतरी वेळ ऐकत राहिले. "तेल सुकले आहे. कोणी साफ केले नाही काय इतकी वर्षे?" अण्णा म्हणाले, "दुसरीकडे नेले नाही." म्हाताऱ्याने मान हलविली आणि त्या तरुणाला सांगितले, "हे सगळे खोल. पांढऱ्या कागदावर मांड. आणि भिंग यांच्या मुलाला दे."

वाचकहो, आपण कधी घड्याळ पुरते खोललेले पाहिले आहे काय? वाटाण्याच्या एका शेंगेत मावेल एवढा तो पसारा असतो. तरुण एकेक भाग चिमट्याने उचलून ठेवी आणि घड्याळकाका न पाहताच त्याचे नाव सांगत. मधल्या चाकाचे दोन खडे, एक वर, एक खाली. तिसऱ्या चाकाचे दोन, चौथ्याचे दोन. एस्केप चाकाचे दोन. पॅलेटच्या आसाचे दोन. झाले दहा. पॅलेटच्या दोन हातांत दोन लांबट माणके होती. तीच एस्केप चाकाचे दात आळीपाळीने अडवितात आणि सोडतात, आणि आपण ज्याला टिकटिक म्हणतो तो त्यांचाच आवाज. झाले बारा. तोलचक्राच्या पोटाखाली सुईच्या टोकाएवढा एक उभा खडा, जो पॅलेटला प्रत्येक हेलकाव्याला ढकलतो. तेरा. आणि तोलचक्राच्या दोन्ही टोकांना दोन भोकाचे व त्यांवर टोपीसारखे दोन बिनभोकाचे, ज्यांच्यावर घड्याळ आडवे असताना आसाचे टोक टेकते. वरच्या टोपीखाली भोकाचा खडा झाकला गेला होता. पूर्वी मी दोघांना मिळून एकच मोजले होते.

"किती?" घड्याळकाकांनी विचारले.

"सतरा," मी म्हणालो. या वेळी माझा आवाज फार मोठा निघाला नाही.

"त्यांतला माझा कोणता, ते ओळख."

मी भिंगातून भोकाचे खडे एकेक करून पाहिले. मला ओळखता आला नाही. घड्याळकाका प्रथमच हसले.

घड्याळ साफ होऊन आठ दिवसांनी मिळाले. अण्णा ते गेले तोपर्यंत वापरीत होते, आणि आता ते माझ्यापाशी आहे. बॅटरीच्या घड्याळांना चावी लागत नाही आणि बहुतेकांना खडेही फारसे लागत नाहीत. एच.एम.टी.ची घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय २०१६ साली झाला. इंदूरच्या त्या बोळात आता मोबाइलची दुकाने आहेत. मी मात्र रोज सकाळी चावी देतो.

पाठीमागच्या झाकणात घडी घालून ठेवलेली एक चिठ्ठी मला अण्णांच्या पश्चात सापडली. अक्षर त्या तरुण कारागिराचे आहे, पण सांगणारे कोण होते ते उघड आहे. 'सफाई व तेल, रुपये पाच. मागील बाकी, खडा १, रुपये दोन. एकूण सात. पावले.'